येताना प्लेट आणा

नोलीन गिल्क्रिस्टच्या तोंडाचं बोळकं तिच्या नवऱ्याने कधी पाहिलं नव्हतं. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली, तीन मुलं झाली, ती आपापल्या संसाराला लागली, घराचं छप्पर दोनदा बदललं, पण लॅकीने बायकोला बिनदातांची पाहिलं असं एकदाही घडलं नाही. ती न्हाणीघराची कडी लावून कवळी घासायची आणि कवळी तोंडात ठेवूनच झोपायची. आजारपणातही तेच. धाकट्याच्या बाळंतपणात नर्सने ती काढून ठेवायला सांगितली, तर हिने तोंड इतकं घट्ट मिटलं की नर्सला वाटलं, बाईची दातखीळ बसली.

दात काही म्हातारपणाने गेले नव्हते. साउथलंड प्रांतात त्या काळी बापाने लेकीला लग्नात द्यायची मोठी भेट म्हणजे नवीकोरी कवळी. दात आज ना उद्या किडणारच, मग त्याचा ताप जावयाला कशाला, असा सरळ हिशेब. नोलीनच्या वडिलांनी रविवारचा कोट चढवला, तिला गावातल्या दंतवैद्याकडे नेलं, आणि एका सकाळीत वरचे-खालचे सगळे दात काढून घेतले. दोन किडलेले होते, बाकीचे त्यांच्या संगतीत गेले. नोलीनला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. आजच्या पोरींना हे सांगून पटत नाही. तिच्या नातीने ही हकिगत ऐकली तेव्हा तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. पण तेव्हा करवलीला तिचा हेवा वाटला होता, आणि आई म्हणाली होती, "बघ, वडिलांनी तुझ्यासाठी काही कमी केलं नाही."

हिरड्या भरून येईपर्यंत ती ओमारूला मावशीकडे जाऊन राहिली. लापशी आणि कस्टर्ड खायची, समुद्राकडे बघत बसायची. लॅकी भेटायला येतो म्हणाला, तर मावशीला कांजिण्या झाल्यात असं कळवलं. लग्नाच्या फोटोत ती हसली आहे ती सिनेमातल्या नटीसारखी. ग्लेनटॅरा गावच्या सभागृहात त्या रात्री अकॉर्डियनवर दोन भाऊ वाजवत होते, फरशीवर साबणाचा चुरा टाकून ती गुळगुळीत केली होती, आणि लॅकी तिला म्हणाला होता, "तू हसलीस की मला पावलं चुकल्यासारखं होतं." तो तसाही चुकतच होता.

पण हाड झिजतं. दात नसले की खालच्या जबड्याचा बांध वर्षावर्षाने खचत जातो आणि खालची कवळी पाण्यावरच्या होडीसारखी हलायला लागते. आधी नोलीनने पेस्ट लावून भागवलं. मग मक्याचं कणीस सोडलं, सफरचंद सोडलं, मटणाचे काप सोडले. सभागृहातल्या जेवणाला ती घरून खाऊन जायची आणि तिथे चहाची किटली घेऊन सगळ्यांना वाढत फिरायची. "नोलीन कधी बसतच नाही बाई," असं सगळ्या कौतुकाने म्हणायच्या. नणंदेच्या नातवाच्या एकविसाव्या वाढदिवसाला कुणीतरी मेंढीची गोष्ट सांगितली, नोलीन खदखदून हसली, आणि खालची कवळी उडाली. ती तिने हातातल्या कपात झेलली आणि चहा पितेय असं दाखवत परत तोंडात घातली. कुणाला कळलं नाही. पण त्या दिवसापासून ती ओठ मिटून हसायला लागली.

"हल्ली तुला माझे विनोद आवडत नाहीत का गं?" लॅकीने एकदा विचारलं.

"ते मला कधीच आवडले नव्हते," ती म्हणाली. पण न्हाणीघरात जाऊन रडली.

गावच्या दंतवैद्याने तिला डनीडिन शहरातल्या तज्ज्ञांकडे पाठवलं. दात रोवणारे डॉक्टर, असं तो म्हणाला. तिथून एका बाईचा फोन आला. वार सांगितला, वेळ सांगितली, आणि शेवटी ती बाई म्हणाली, "आणि येताना प्लेट आणा हं."

"आणते की," नोलीन म्हणाली.

त्या मुलखात हे वाक्य सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. सभागृहात नाच असो, कुणाची पन्नाशी असो, चर्चच्या छपरासाठी वर्गणी असो, नोटिशीच्या खाली एक ओळ असायचीच: बायकांनी प्लेट आणावी. म्हणजे खायचं काहीतरी करून, प्लेट भरून आणावी. मागे एकदा नव्या मास्तरांची बायको, इंग्लंडहून आलेली, बिचारी खरोखरच रिकामी बशी पर्समध्ये घालून आली होती. नोलीनने तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि आपले निम्मे केक तिच्या बशीत घातले. पुढे बरीच वर्षं ती गोष्ट सांगून नोलीन सगळ्यांना हसवायची.

तेव्हा डनीडिनला न्यायला तिने चीजचे रोल केले. पावाच्या कापावर चीज, कांदा आणि दुधाचं मिश्रण पसरायचं, गुंडाळायचं, वरून लोणी लावून भाजायचं. दोन डझन केले, मोठ्या प्लेटमध्ये रचले, वर स्वच्छ पंचा टाकला. प्लेटच्या तळाला औषधाची चिकटपट्टी लावून तिच्यावर 'गिल्क्रिस्ट' असं लिहिलेलं होतंच, म्हणजे प्लेट हरवत नाही.

लॅकीला तिने सांगितलं, दात जरा घट्ट करून येते. डनीडिनची रहदारी त्याला सोसत नसे, म्हणून गाडी बेरिलने चालवली. बेरिल म्हणजे लॅकीची विधवा बहीण, सभागृहासमोर राहायची. तिचेही दात सोळाव्या वर्षीच काढलेले. पण तिचं सगळंच वेगळं. रासबेरीच्या जॅमच्या बिया अडकतात म्हणून ती जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांदेखत, कवळी काढून बशीच्या कडेला ठेवायची.

"दवाखान्यात खायला कशाला नेतेस?" गाडीत बेरिलने विचारलं.

"त्यांनी मागितलंय."

"डॉक्टरांनी?"

"काहीतरी असेल त्यांचं. निरोपसमारंभ वगैरे."

"मग मला का नाही सांगितलं? मी रिकाम्या हाताने जाणार!" बेरिलला खरंच राग आला. वाटेत एका दुकानापाशी थांबून तिने बिस्किटांचा डबा घेतला.

दवाखान्यात नोलीनने पंचा बाजूला करून प्लेट समोरच्या बाईपुढे ठेवली. "ही घ्या. गरम करायला भट्टी आहे का तुमच्याकडे? नसली तरी चालेल."

त्या बाईने रोलकडे पाहिलं, नोलीनकडे पाहिलं, पुन्हा रोलकडे. "मिसेस गिल्क्रिस्ट," ती हळूच म्हणाली, "मी प्लेट म्हटलं ते... म्हणजे कवळी. बरेच जण ती घरी कपाटात ठेवून येतात ना, म्हणून आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

कवळीला तिथे प्लेटही म्हणतात, हे नोलीनला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिने स्वतःच्या दातांना कधी प्लेट म्हटलं नव्हतं. आणि कुणाचे दात तोंडाऐवजी कपाटात असतील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती कानापर्यंत लाल झाली. बेरिल खुर्चीत दुमडली आणि हसून हसून तिची मुरकुंडी वळली. "मास्तरीणबाई!" ती कशीबशी म्हणाली. "अगं, ती मास्तरीणबाई आज असायला हवी होती!"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आल्या. डॉक्टर सिना तुइलोमा, भरल्या अंगाच्या, सामोआच्या, केसांत एक पांढरी बट. काय झालं ते ऐकून त्या हसल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, एक रोल उचलला, उभ्या उभ्या खाल्ला आणि दुसरा घेतला. "आमच्या घरी कुणाकडे हात हलवत गेलं तर आई आठवडाभर बोलायची नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मला नीट प्लेट आणणारी ही पहिलीच बाई. चला आत. आता दुसरी प्लेट दाखवा."

आत खुर्चीवर बसल्यावर नोलीनचा हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पुढे जाईना. डॉक्टरांनी ते पाहिलं. बेरिल तोपर्यंत मागून आत शिरली होती, तिला त्यांनी बिस्किटांच्या डब्यासकट बाहेर पाठवलं, दार लावलं, आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मी बंदर बघतेय," त्या म्हणाल्या. "झालं की सांगा. मला घाई नाही."

बराच वेळ त्या बंदर बघत होत्या.

तपासणी झाली, जबड्याचे फोटो झाले. वरच्या कवळीचं काही बिघडलं नव्हतं, ती टाळूला धरून बसत होती. खाली मागच्या बाजूला हाड कागदासारखं उरलं होतं, पण पुढे, हनुवटीच्या वर, अजून जाड होतं. तिथे दोन खुंट्या बसवता येतील, असं डॉक्टर म्हणाल्या. तीनेक महिने त्या तशाच ठेवायच्या, हाड हळूहळू त्यांना धरून बसतं. मग कवळीला आतून खटके लावायचे आणि ती त्या खुंट्यांवर दाबून बसवायची. नको तेव्हा उडणार नाही.

"म्हणजे कुंपणासारखं," नोलीन म्हणाली. "दोन टोकांचे खांब पुरायचे, माती बसू द्यायची, आणि मगच तार ओढायची."

"अगदी तसंच. फक्त खांब पुरल्यावर साधारण दोन आठवडे खालची कवळी घालायची नाही. जखमेवर दाब नको."

"बाहेर जाताना घातली तर चालेल ना?"

"नाही."

"घरात माणसं असतात हो."

"कोण कोण?"

"नवरा," नोलीन म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्यांनी कधीच पाहिलं नाही?"

"कुणीच नाही. गावचा दंतवैद्य सोडला तर तुम्ही पहिल्या. तुमच्याआधी मावशी होती, ती गेली."

"मग घरी जाऊन विचार करा. मी काही तुम्हाला ओढून आणणार नाही. पण हाड आणखी झिजलं तर पुढे मलाही काही करता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

परतीच्या वाटेवर बेरिल म्हणाली, "कवळी काढून दाखव की एकदा त्याला. तो काय गावचा सरपंच आहे? तुझा नवरा आहे."

"तुला नाही कळायचं. तू तर ती टेबलावर ठेवतेस."

"हो, आणि माझा नवरा तीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवला. उपाशी नाही मेला." पण मग तिने गाडी हळू केली. "बरं, असं कर. माझ्याकडे येऊन राहा. लॅकीला सांग, बेरिलची बैठकीची खोली रंगवायची आहे, मदतीला जाते."

नोलीनला ते पटलं. एकदा ओमारूला जमलं होतं, आताही जमेल.

लॅकीशी बोलायचं म्हणजे त्याच्यासमोर उभं राहावं लागे. लोकर कातरायच्या यंत्रांनी आणि जुन्या ट्रॅक्टरने त्याचे कान कधीच नेले होते. बोलणाऱ्याच्या ओठांकडे एकटक बघून तो अर्धं ऐकायचा आणि अर्धं ताडायचा. नोलीनचे ओठ तर त्याला पाठच होते. तर तिने समोर उभं राहून त्याला रंगकामाचं सांगितलं.

"कुठला रंग?" त्याने विचारलं.

हे तिने ठरवलंच नव्हतं. "पिवळा," ती म्हणाली.

"पिवळा?"

"फिकट पिवळा. मटण शिजवून ठेवलंय, रोज थोडं कापून घे. बटाटे तुला येतात."

तो काही वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं."

खुंट्या बसवायला तासाभराहून जास्त लागलं नाही. इंजेक्शनने जबडा लाकडासारखा झाला होता. डॉक्टर तुइलोमा काम करताना हळू आवाजात गुणगुणत होत्या, आणि नोलीनला वाटलं होतं त्याच्या निम्मंही दुखलं नाही. संध्याकाळी ती बेरिलच्या स्वयंपाकघरात भोपळ्याचं सूप पीत बसली होती. खालचा ओठ आत गेला होता, हनुवटी नाकाला भेटायला निघाली होती, आणि समोर बेरिलनेही सोबत म्हणून आपली कवळी काढून ठेवली होती.

"दोन चेटकिणी," बेरिल म्हणाली.

"तू आधीपाशूनच होतीश," नोलीन म्हणाली. स तिला जमत नव्हता.

पहिले दोन-तीन दिवस मजेत गेले. दोघींनी पत्ते खेळले, सभागृहातल्या जुन्या नाचांच्या गोष्टी काढल्या, कुणाचं कुणावर मन होतं आणि कुणी कुणाला पावसात चालत घरी पाठवलं ते सगळं उगाळलं. पण संध्याकाळ झाली की नोलीन खिडकीतून डोंगराकडच्या रस्त्याकडे बघायची. लॅकीने बटाटे करपवले असतील. फोन करावा तर त्याला फोनवर ऐकू येत नाही, आणि आपल्याला तर नीट बोलताही येत नाही. लग्न झाल्यापासून ती इतके दिवस त्याच्यावेगळी राहिली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला, मागचं दार उघडलं. त्या भागात दार वाजवायची रीत नाही. आधी शिडीचं टोक आत आलं, मग बाकीची शिडी, आणि शिडीच्या मागून लॅकी. अंगात जुनी, रंगाचे डाग पडलेली विजार, खिशात ब्रश.

नोलीनने हाताला लागेल ते उचललं आणि तोंडावर धरलं. ती किटलीवरची विणलेली लोकरी टोपी होती.

लॅकीने बैठकीच्या खोलीत डोकावून पाहिलं. भिंती होत्या तशा पांढऱ्या. तो परत आला. "रंग कुठाय?"

टोपीच्या आतून नोलीन काहीतरी म्हणाली.

"काय?"

"ती म्हणतेय, तू घरी जा," बेरिल म्हणाली.

"तू नको सांगू. तिला बोलू दे." त्याने शिडी सोडली नव्हती. "नोलीन, ते लोकरीचं काढ. ओठ दिसले नाहीत तर मला ऐकू कसं येणार?"

नोलीनने मान हलवली.

"बेरिल पिवळा रंग घरात येऊ देत नाही," लॅकी म्हणाला. "आईने एकदा तिच्या खोलीला पिवळा दिला तर ही महिनाभर गोठ्यात झोपली. म्हणजे तू खोटं बोललीस. तू माझ्याशी खोटं बोलत नाहीस. चार दिवस मी बसून विचार केला. हल्ली तू हसत नाहीस, माझ्याबरोबर जेवायला बसत नाहीस, न्हाणीघरात कडी लावून बसतेस. मग मी म्हटलं, गेली. मला सोडून गेली."

त्याची हनुवटी हलत होती. एवढा मोठा माणूस, एका हातात शिडी धरून उभा होता.

नोलीनने टोपी खाली ठेवली.

लॅकीने पाहिलं. आत ओढलेला ओठ, सुजलेली हनुवटी, गालावर उतरलेला पिवळा-निळा डाग. नीट पाहिलं, जसं तो कोकरू पडलं की आधी नुसतं बघत राहायचा तसं.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग लपून का बसलीस?"

"अशं तोंड घेऊन तुझ्याशमोर कशी येऊ?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "जबड्यात खुंट्या बशवल्यात. दोन आठवडे दात घालायचे नाहीत. तू मला अशी कधी पाहिली नव्हतीश."

तो तिच्या ओठांवरून सगळं वाचून घेत होता. वाचून झालं. मग म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच काय, मेल्या!" बेरिल ओरडली. "तिचा जीव टांगणीला लागलाय!"

"आणि माझा नव्हता?" तो बहिणीकडे वळून म्हणाला. मग पुन्हा बायकोकडे. "मला वाटलं, ख्राइस्टचर्चला बिऱ्हाड केलंस."

"मी गेले अशं वाटलं, तर शिडी कशाला आणलीश?" नोलीनने विचारलं.

लॅकीने शिडीकडे पाहिलं, जणू ती कुणी दुसऱ्याने त्याच्या हातात दिली होती. "समजा खरंच रंगवत असलात तर?" तो म्हणाला. "दोन म्हाताऱ्या खुर्चीवर खुर्ची ठेवून चढणार. पडला असतात."

नोलीन हसली. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग पोट धरून. वरची कवळी तेवढी लखलखत होती आणि खाली काही नव्हतं. लॅकीही हसायला लागला, आणि शिडी भिंतीवर आपटून बेरिलच्या पांढऱ्या रंगाचा एक टवका उडाला.

"टाके उसवतील!" बेरिल ओरडत होती. "आणि आता ही भिंत खरंच रंगवायला लागणार!"

दुपारच्या आत नोलीनची पिशवी भरून झाली. पिकअप गाडीत लॅकीने तिच्या पाठीला उशी लावून दिली. दुकानासमोरून जाताना टपालवाल्या बाईने हात केला. नोलीनने खिडकी खाली करून हात केला आणि मोठ्याने हाक मारली. टपालवाली बघतच राहिली.

डोंगराच्या रस्त्याला लागल्यावर तिने बोलायला सुरुवात केली. चीजचे रोल, डॉक्टरांचं बंदर, कपात झेललेले दात, ओमारूच्या मावशीच्या कांजिण्या, सगळं. लॅकी मान वळवून तिच्या तोंडाकडे बघत होता, एक शब्द चुकू नये म्हणून, आणि गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला, गवतात उतरायला लागली.

"अरे, रश्त्याकडे बघ!"

"मग तू गप्प बस."

"नाही बशणार," नोलीन म्हणाली.

त्याने गाडी कडेला घेऊन थांबवली, इंजिन बंद केलं आणि तिच्याकडे वळून बसला. "बोल," तो म्हणाला.